फोकून पेरलेले दगड : इवामोतो काओरू आणि देशाबाहेर निघालेला गो

तिरकी चाल | रविवार, रात्री ९:४०

मागच्या महिन्यात सोंगट्यांच्या धाग्यावर बोलता बोलता मी ‘गो’चं नाव काढलं, तर दोघातिघांनी विचारलं की हे काय असतं आणि पुण्यात बसून तुम्हाला कुठे सापडलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. वेळ काढून वाचा, लांबला आहे.

सापडला तो जपानीच्या वर्गात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या सेन्सेईंनी एका एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, पिशवीतून घडीचा पट काढला आणि म्हणाल्या, आज व्याकरण नाही. त्या दिवशी मी नऊ वर्षांच्या एका मुलाकडून सलग चार डाव हरले. पाचवा मागितला तर तो आईकडे बघून म्हणाला, “आता घरी जाऊ या.”

नियम दोन ओळींत. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, त्यांचे ३६१ छेद. एकाकडे काळे दगड, दुसऱ्याकडे पांढरे. आळीपाळीने एकेक दगड छेदावर ठेवायचा (चौकटीत नाही!), आणि एकदा ठेवला की हलवायचा नाही. दगडाला लागून असलेले मोकळे छेद म्हणजे त्याचा श्वास. शत्रूने चारी बाजू बंद केल्या की दगड मेला, उचलून घ्यायचा. शेवटी ज्याने जास्त रिकामी जागा वेढली तो जिंकला. आणखी दोनचार बारकावे आहेत, पण एवढ्यावर खेळ सुरू होतो. त्यानंतर आयुष्य पुरत नाही ही गोष्ट वेगळी.

आता ज्यांच्यासाठी धागा काढला ते इवामोतो काओरू. जन्म १९०२, शिमाने प्रांतातला. पंधराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू. म्हणजे डाव खेळणं आणि शिकवणं हीच रोजीरोटी. त्यांच्या खेळाला जपानीत नाव पडलं ‘मामेमाकी’, म्हणजे भाजलेले सोयाबीन मूठमूठ उधळायचे तसा खेळ. एक दगड या कोपऱ्यात, एक त्या बाजूला, कशाचा कशाशी संबंध दिसत नाही. पन्नास चाली उलटल्या की मग ते सगळे एकमेकांना ओळख देऊ लागतात. आमच्या आजोळी याला फोकून पेरणं म्हणायचे. तिफणीची ओळ नाही, मुठीतून भिरकावलेलं बी.

१९२९ साली या माणसाने गो सोडला आणि ब्राझीलला गेला. कॉफीची लागवड करायला. त्या काळी हजारो जपानी कुटुंबं ब्राझीलच्या मळ्यांवर जात होती, त्यामुळे जाणं नवलाचं नाही. पण सत्ताविशीतला चांगला चाललेला खेळाडू जातो हे नवल. १९२९ हे कॉफीत पैसे घालायचं वर्ष नव्हतं हे इतिहास वाचलेल्यांना सांगायला नको. १९३१ मध्ये ते परत आले आणि पुन्हा पटावर बसले.

पुढचा प्रसंग काहींनी ऐकला असेल. १९४५. होनइंबो या सर्वांत मानाच्या किताबासाठी हाशिमोतो उतारो विरुद्ध इवामोतो. तोक्योतली निहोन कि-इन (जपानची मुख्य गो संस्था, स्थापना १९२४) हवाई हल्ल्यात जळून गेलेली. सेगोए केन्साकू या ज्येष्ठ खेळाडूंनी सामना हिरोशिमात ठरवला. पहिला डाव जुलैच्या शेवटी शहरातच झाला. पोलिसांनी शहरात खेळू नका असा आग्रह धरला, म्हणून दुसरा डाव इत्सुकाइची नावाच्या बाहेरच्या गावात. ४ ऑगस्टला सुरू झाला. ६ तारखेला सकाळी तिसऱ्या दिवसाच्या खेळासाठी पट मांडत असताना, सव्वाआठला, बॉम्ब पडला. काचा फुटल्या, दगड उधळले. दुपारी त्यांनी पट पुन्हा मांडला आणि डाव पूर्ण केला. हाशिमोतो पाच घरांनी जिंकले. पहिला डाव ज्यांच्या घरी झाला होता ते यजमान त्या दिवशी शहरात होते. ते वाचले नाहीत.

मी हिरोशिमाला गेले होते तेव्हा मियाजिमाच्या ट्रामने जाताना इत्सुकाइची स्टेशन लागलं. उतरले नाही. उतरून काय बघणार होते कुणास ठाऊक. दप्तरं घेतलेल्या दोन शाळकरी मुली चढल्या, ट्राम पुढे गेली.

सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. १९४६ मध्ये निर्णायक डाव होऊन इवामोतो होनइंबो झाले.

बॉम्बातून वाचल्यामुळे त्यांनी जगभर गो पोचवायचा वसा घेतला, असं वाचायला मिळतं. तसं असेलही. पण मला हे जरा जास्तच सुबक वाटतं. हा माणूस त्याच्या सोळा वर्षं आधी बोटीत बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला होता! देशाबाहेर माणसं कशी राहतात, परक्या गावात संध्याकाळी जायला जागा नसणं म्हणजे काय, हे त्याला बॉम्बाने शिकवलेलं नाही.

उतारवयात त्यांनी तोक्योच्या एबिसू भागातला आपला गो क्लब विकला. तेव्हा तोक्योत जमिनीचे भाव वेड लागल्यासारखे वाढले होते. त्यातले ५३ कोटी येन त्यांनी परदेशात गोसाठी जागा उभ्या करायला दिले. स्पर्धा नाहीत, पुतळे नाहीत, शिष्यवृत्त्या नाहीत. जागा. १९८९ साओ पाउलो, १९९२ अॅमस्टरडॅमजवळ अॅमस्टेलव्हीन, १९९५ न्यूयॉर्क आणि सिएटल. पहिली जागा कुठे उघडली बघितलंत ना? साठ वर्षांपूर्वी जिथे कॉफी जमली नव्हती त्याच देशात. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. १९९९ मध्ये गेले.

माझं म्हणणं एवढंच, की परदेशात खेळ नेणाऱ्या सगळ्या खेळाडूंमध्ये या माणसाला नेमकं काय हवं ते कळलं होतं : चार टेबलं, दिवा आणि दार उघडणारं कुणीतरी. तुम्हाला काय वाटतं?

---

गूळपोळी | रविवार, रात्री १०:१५

ताई, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली. दुपारी पट पुन्हा मांडला या वाक्यावर थांबले होते बराच वेळ.

दोन शंका. दगड हलवायचाच नाही तर त्यांनी पट “पुन्हा मांडला” म्हणजे आठवणीने? आणि होनइंबो हे आडनाव आहे की पदवी?

---

तिरकी चाल | रविवार, रात्री १०:३२

हो, आठवणीने. त्यात फार कौतुक नाही, कुठलाही व्यावसायिक आपला डाव पहिल्या दगडापासून मांडून दाखवतो. आपल्याकडे गायक जुनी मैफल आठवतात तसं. शिवाय चालींची नोंद असतेच.

होनइंबो हे मूळ एका घराण्याचं नाव. शेकडो वर्षं गुरू-शिष्य परंपरेने चाललेलं. शेवटचे प्रमुख शूसाई यांनी ते नाव निहोन कि-इनच्या हवाली केलं आणि त्याचा किताब झाला, जो जिंकेल त्याचा. इवामोतो तिसरे. घराण्याचं नाव स्पर्धेला देऊन मोकळं व्हायचं, आपल्याकडच्या एखाद्या घराण्याला जमेल का बघा. :)

---

एरंडेल | रविवार, रात्री ११:०४

छान लिहिलंय, पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. नेहमीप्रमाणे.

इमारती बांधून खेळ वाढत नाही. न्यूयॉर्कची ती जागा २०१० मध्ये बंद झाली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पंधरा वर्षं. ५३ कोटी येन म्हणजे काही किरकोळ रक्कम नाही.

खेळ वाढतो जिंकल्यावर. १९८९ मध्ये इंग कप नावाच्या स्पर्धेत कोरियाच्या चो हुनह्यूनने चीनच्या न्ये वेइपिंगला ३-२ हरवलं. बक्षीस चार लाख डॉलर. सेऊलमध्ये त्याची मिरवणूक निघाली. त्यानंतर कोरियात पोरं रांगा लावून गोच्या शिकवण्यांना जायला लागली आणि पुढची पंधरावीस वर्षं जपान त्यांच्यासमोर उभा राहू शकला नाही. आपल्याकडे आनंद जिंकला म्हणून गल्लीगल्लीत बुद्धिबळाचे क्लास निघाले. त्याने इमारत बांधली होती का? २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा माझ्या भाचीने पहिल्यांदा पट मागितला. जिंकणं हाच प्रचार, बाकी चहापाणी.

---

सोलापुरी चादर | रविवार, रात्री ११:२०

एरंडेल आले. धागा आता शंभरी गाठणार. _/\_

---

सांगलीचे मास्तर | सोमवार, सकाळी ६:५०

एरंडेल, भाचीने पट मागितला हे उत्तम. पुढच्या आठवड्यात ती कुणाशी खेळली?

रागावू नका, प्रश्न खरा आहे. आनंद जिंकला तेव्हा पट खपले. पट खपणं आणि खेळ रुजणं यात अंतर असतं. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं. मी स्वतः तिथे वाढलेला नाही, पण त्यांच्या स्पर्धांमध्ये टेबलं लावायला आणि निकाल फळ्यावर लिहायला गेलेला आहे. भाऊसाहेब काही विश्वविजेते नव्हते. पण मुलांना माहीत होतं की संध्याकाळी तिथे गेलं की कुणीतरी समोर बसतं. भाग्यश्री साठे याच सांगलीची. आनंदचं नाव देशाला ठाऊक होण्याआधीपासून हे चाललं होतं.

कोरियाचंही तसंच असणार. चो जिंकल्यावर मुलं शिकवण्यांना गेली म्हणता, म्हणजे जायला शिकवण्या आणि शिकवणारे आधीच होते ना? ठिणगी पडली ते खरं, पण गंजी रचलेली होती. परदेशात गंजीच नव्हती. तिथे इवामोतोंनी पेंढ्या वाहिल्या.

---

एरंडेल | सोमवार, सकाळी ९:१२

मास्तर, पेंढ्या मान्य. भाचीला ऑनलाइन खेळायला लावलं होतं, दोन आठवड्यांत सोडून दिलं. आता तुम्ही म्हणाल “बघा!”

---

सांगलीचे मास्तर | सोमवार, सकाळी ९:३०

बघा!

---

पावसाळी गाव | सोमवार, सकाळी १०:०५ (इकडे रविवारची रात्र)

सिएटलहून. त्या जागेत मी जाते, म्हणून राहवलं नाही.

विद्यापीठाच्या भागात, ४५व्या रस्त्यावर आहे. बाहेरून अगदी साधी. मी २०११ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा गेले. नवरा रात्री उशिरापर्यंत कामावर, इकडे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि कुणाशी बोलायचं म्हणजे दुकानात बिल देताना. दार उघडून आत गेले तर पंधरावीस माणसं, कुणी मान वर करून बघितलंही नाही. मला ते इतकं बरं वाटलं! “कुठून आलात, किती दिवस झाले, इंग्रजी छान आहे तुमचं” असं काही नाही. एक निवृत्त गृहस्थ समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, नऊ ठेवा.

नऊ म्हणजे सुरुवातीलाच माझे नऊ दगड पटावर, मग त्यांची पहिली चाल. गोमध्ये कच्च्या खेळाडूला अशी सूट देतात आणि मग डाव खराखुरा होतो, पक्क्याला हात राखून खेळावं लागत नाही. बुद्धिबळात कुणी वजीर काढून ठेवला तर अपमान वाटतो. इथे वाटत नाही, कारण सूट हा रीतीचाच भाग आहे. तिरकी चाल ताई, तुम्ही हे लिहायला हवं होतं. परक्या देशात हा खेळ टिकण्याचं अर्धं कारण हेच आहे असं मला वाटतं. आठ वर्षांचं पोर आणि प्राध्यापक एका टेबलावर बसू शकतात आणि दोघंही घाम गाळतात.

त्या गृहस्थांशी मी तीन वर्षं खेळले. नऊवरून चारवर आले. त्यांच्या कुटुंबाबद्दल मला आजही काही माहीत नाही.

---

गूळपोळी | सोमवार, सकाळी १०:४०

“नऊ ठेवा” :) :)

---

आमस्टेलकाठ | सोमवार, दुपारी २:१५

मी अॅमस्टेलव्हीनला राहतो. हे गाव म्हणजे मजा आहे. आधी इथे जपानी कंपन्या आल्या, त्यांची कुटुंबं आली, जपानी किराणा आला. जंगलाच्या कडेला ४०० चेरीची झाडं आहेत, जपानी बायकांच्या मंडळाने दिलेली. निम्म्या झाडांना जपानी बायकांची नावं, निम्म्यांना डच. आता आपली मंडळी एवढी झाली आहेत की बसस्टॉपवर मराठीत फोनवर भांडणं ऐकू येतात. (माझंच असतं कधीकधी.)

मी वर्षभर त्या गो केंद्राच्या आसपास राहूनही आत गेलो नव्हतो. जपानी लोकांचं काहीतरी असेल असं वाटायचं. गेलो तेव्हा डच, जर्मन, एक रोमानियन, एक इस्रायली, आणि शिकवणारी बाई चिनी. जपानी कुणी नव्हतंच त्या दिवशी. मला वाटतं इवामोतोंचं यश हेच. त्यांनी बांधलेल्या घरात त्यांच्या देशाचं कुणी नसलं तरी चालतं.

एरंडेल यांच्या मुद्द्यावर : इमारतीला भाडं, कर, गळकं छत असतं हे खरं. पण युरोपने २०१४ पासून स्वतःचे व्यावसायिक खेळाडू तयार करायला सुरुवात केली. पहिला पावोल लिसी, स्लोव्हाकियाचा. हे काय हवेतून आले?

---

निळी शाई | सोमवार, दुपारी ३:३०

एक खडा टाकते. (दगडच म्हणा.)

हा खेळ मुळात चीनचा. तिथे त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक. दोन हजारांहून जास्त वर्षं जुना. मग जग त्याला ‘गो’ का म्हणतं? कारण पश्चिमेला तो जपान्यांकडून पोचला. १८८० च्या सुमारास ओस्कार कोर्शेल्ट नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ जपानात शिकून गेला आणि जर्मनमध्ये त्यावर लिहिलं. पुढे बर्लिनमध्ये एडवर्ड लास्कर आणि बुद्धिबळाचा जगज्जेता इमानुएल लास्कर यांना त्याचं वेड लागलं. एडवर्ड अमेरिकेला गेला आणि १९३५ मध्ये तिथली संघटना उभी करणाऱ्यांत होता. म्हणजे इवामोतोंच्या आधीही वाट पाडलेली होती आणि ती पाडणारे गोरे हौशी लोक होते.

आजही युरोपातला माणूस खेळताना ‘को’, ‘सेन्ते’, ‘जोसेकी’, ‘आतारी’ म्हणतो. आतारी म्हणजे “आता एकच श्वास उरला”. व्हिडिओ गेमची अटारी कंपनी आठवते? तिचं नाव तिथूनच आलं, तिच्या संस्थापकांपैकी एकाला गोचा नाद होता. तर माझा प्रश्न असा, की जपानी व्यावसायिकांना परदेशी पाठवणं हा निव्वळ खेळाचा प्रचार की देशाचा? आपण योगाबद्दल हेच विचारतो, मग इथे का नको?

---

तिरकी चाल | सोमवार, रात्री ८:५०

पावसाळी गाव, चूक कबूल. सूट हा मुद्दा राहिलाच. “नऊ ठेवा” हे मी आता वर्गातही म्हणणार आहे.

निळी शाई, प्रश्न रास्त. देशाचा प्रचार त्यात होताच. निहोन कि-इनने दशकानुदशकं खेळाडू बाहेर पाठवले, १९७९ पासून तोक्योत हौशींची जागतिक स्पर्धा भरवली, १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. हे फक्त प्रेमापोटी होत नाही. पण एक बघा. देशाची प्रतिमा उजळायची असेल तर तुम्ही आपला खेळाडू जिंकताना दाखवता. जपानी व्यावसायिकांनी उलट केलं, परक्यांना घरी नेऊन आपल्याविरुद्ध खेळायला शिकवलं. साइजो मासाताका रोमानियात गेले, तिथला कातालिन तारानू नावाचा तरुण नागोयाला आणला, तो व्यावसायिक झाला. कॅलिफोर्नियाचा मायकेल रेडमंड २००० साली ९ दान झाला, म्हणजे सर्वोच्च श्रेणी, पाश्चात्त्यांत पहिला. आपल्या घराण्यात परक्याला शागीर्द करून घेणं ही काही जाहिरात नव्हे.

आणि हान्स पीच. याच्याबद्दल लिहायचं की नाही ठरत नव्हतं. ब्रेमेनचा जर्मन. जपानात कोबायाशी चिझू यांच्याकडे शिकला, १९९७ मध्ये व्यावसायिक झाला. जानेवारी २००३ मध्ये निहोन कि-इनतर्फे गो शिकवायला ग्वाटेमालाला गेला होता. तिथे एका तळ्याकाठी लुटारूंच्या गोळीने मेला. ३४ वर्षांचा होता. नंतर संस्थेने त्याला चौथ्या दानवरून सहावी श्रेणी दिली. जर्मन मुलगा, जपानचा खेळ, मध्य अमेरिकेतलं तळं. हा कुठल्या देशाचा प्रचारक म्हणायचा?

---

निळी शाई | सोमवार, रात्री ९:२०

हे माहीत नव्हतं. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण आज तेवढंच.

---

बिनतारी | सोमवार, रात्री १०:४५

मी संगणकवाला, त्यामुळे गोशी ओळख २०१६ ची. मार्चमध्ये सेऊलला अल्फागो या संगणकाच्या प्रोग्रॅमने कोरियाच्या ली सेडॉलला ४-१ हरवलं तेव्हा आमच्या ऑफिसात काम बंद होतं. इंग्रजी समालोचन वर उल्लेख झालेले रेडमंडच करत होते.

पण या धाग्यात बसणारा माणूस दुसराच आहे : फान हुई. चीनमध्ये व्यावसायिक झाला, २००० मध्ये फ्रान्सला गेला, तिथेच शिकवत राहिला, युरोपचा विजेता झाला. चीनमध्ये राहिला असता तर शेकडो व्यावसायिकांतला एक. बाहेर गेला म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये लंडनमध्ये अल्फागोसमोर पहिला बसला. ०-५ हरला. व्यावसायिकाने पूर्ण पटावर, बिनसूट संगणकाकडून हरण्याची पहिली वेळ. लोकांनी नावं ठेवली. “युरोपचा खेळाडू, त्याचं काय घेऊन बसलात.” तो मात्र अल्फागो बनवणाऱ्या मंडळींनाच जाऊन मिळाला, त्यांना यंत्राच्या खोडी दाखवायला लागला, आणि सेऊलच्या सामन्यात पंचांमध्ये होता. गो जगातल्या कोट्यवधी लोकांना कळला त्यात या हरलेल्या माणसाचा हात आहे.

एरंडेल, तुमचं “जिंकणं हाच प्रचार” इथे कुठे बसतं?

---

एरंडेल | मंगळवार, सकाळी ८:०५

बसत नाही. पण एक दुरुस्ती करतो, म्हणजे मी अगदीच शरण गेलो असं होणार नाही. ते ०-५ अधिकृत डावांत. त्याच्याबरोबर झटपट खेळाचे पाच अनौपचारिक डावही झाले होते, त्यातले दोन फान हुईने जिंकले. हे कुणी सांगत नाही.

---

बिनतारी | मंगळवार, सकाळी ८:४०

बरोबर. दुरुस्तीबद्दल धन्यवाद. (आणि हे तुम्हाला कसं ठाऊक, गो न आवडणाऱ्या माणसाला?)

---

एरंडेल | मंगळवार, सकाळी ८:४४

आवडत नाही असं कधी म्हणालो?

---

सोलापुरी चादर | मंगळवार, दुपारी १२:३०

सगळं ठीक, पण आपल्या कॅरमचं काय? पुण्याचे योगेश परदेशी विश्वविजेते, चाळीचाळीत पट, बोरिक पावडरचा वास अजून नाकात आहे. कुणी इवामोतो का नाही निघाला?

---

पावसाळी गाव | मंगळवार, दुपारी १:१०

इकडे प्रत्येक देशी घराच्या तळघरात कॅरम आहे हो. आमच्याकडेही. दिवाळीला, गणपतीत बाहेर निघतो. खेळतं कोण? आपणच. इतक्या वर्षांत मी एकाही शेजाऱ्याला बसवून “हा स्ट्रायकर, असं बोट लाव” म्हटलेलं नाही. आज लिहिताना लाज वाटते आहे. त्या गृहस्थांनी मला दुसऱ्या मिनिटाला खुर्ची दाखवली होती.

---

सोलापुरी चादर | मंगळवार, दुपारी १:२५

मग या शनिवारी?

---

पावसाळी गाव | मंगळवार, दुपारी १:४०

शनिवारी शेजारचे बाहेरगावी आहेत. पुढच्या. लिहीन इथे.

---

गूळपोळी | मंगळवार, दुपारी ४:००

तिरकी चाल ताई, मी फुकटातल्या एका संकेतस्थळावर खातं काढलं. ९ बाय ९ चा छोटा पट निवडला. यंत्राशी तीन डाव खेळले आणि तिन्ही वेळा माझे सगळे दगड उचलले गेले. सगळे म्हणजे सगळे. पट पांढराशुभ्र. तुम्ही खेळाल का माझ्याशी? माणूस हवा समोर.

---

तिरकी चाल | मंगळवार, सायंकाळी ७:१५

नक्की. यंत्राशी सुरुवात करूच नये. आज रात्री साडेनऊला चालेल? काळे तुमचे, आणि चार ठेवा.

---

गूळपोळी | मंगळवार, सायंकाळी ७:२२

चार कुठे?

---

तिरकी चाल | मंगळवार, सायंकाळी ७:२५

चार कोपऱ्यांजवळ ठिपके दिसतील, त्यांवर. मधल्या ठिपक्यावर नको. आणि हरायला लागलात की चहा करून आणा, मी थांबते.

---

एरंडेल | मंगळवार, सायंकाळी ७:५०

प्रेक्षक म्हणून दुवा मिळेल का? भाची पण बसलीय शेजारी. ती विचारतेय, तिला किती ठेवावे लागतील.

---

तिरकी चाल | मंगळवार, सायंकाळी ७:५८

पाच. दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.